सगळेच खाली बसले तर?

परळच्या एका शाळेत सातवीच्या वर्गात आम्ही द्विमान संख्यांचा खेळ घेत होतो. फळ्यासमोर आठ स्टुले एका रांगेत मांडली आणि त्यांवर आठ मुले बसवली. उभा राहिलेला मुलगा म्हणजे १, बसलेला म्हणजे ०. वर्गातून पाहताना सर्वांत उजवीकडच्या मुलाची किंमत १, त्याच्या शेजारच्याची २, मग ४, ८, १६ असे करत डाव्या टोकाच्या मुलाची किंमत १२८. उभ्या असलेल्यांच्या किमतींची बेरीज केली की रांगेची संख्या मिळते. ०००१०१०० म्हणजे १६ आणि ४, एकूण २०. मुलांना हे पाच मिनिटांत जमले.

मग आम्ही नवव्या मुलीला बोलावले आणि एक काम दिले. “उजव्या टोकापासून सुरुवात कर. समोरचा मुलगा बसलेला असेल तर मनात एक मोज आणि पुढच्याकडे जा. उभा असलेला भेटला की थांब आणि मोजलेला आकडा सांग.” रांगेत २० होते, तेव्हा तिने ‘दोन’ सांगितले. रांगेत १२ केले, तेव्हाही ‘दोन’. ९६ ला ‘पाच’. सगळी उत्तरे बरोबर आली. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, “सगळेच खाली बसा रे!” आणि आठही जण बसले.

मुलगी मोजत निघाली. एक, दोन, तीन... आठवा मुलगा मागे पडला, तरी उभा असलेला कोणी भेटला नाही. ती तशीच चालत दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “सर, अजून पुढे जाऊ?”

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण चूक तिची नव्हती. ‘उभा असलेला भेटला की थांब’ असे आम्ही सांगितले होते. कोणीच भेटला नाही तर काय करायचे, हे सांगितलेच नव्हते. ती निदान विचारायला तरी थांबली. संगणक विचारत नाही, तो चालतच राहतो.

काठावरच्या संख्या

संगणकाच्या आत सगळा व्यवहार अशा ० आणि १ च्या रांगांचा असतो. प्रत्येक जागेला ‘बिट’ म्हणतात. कोणता बिट १ आहे, किती बिट १ आहेत, सगळी रांग एक जागा सरकवली तर काय होते, असली अगदी तळातली कामे करणारे छोटे छोटे प्रोग्रॅम असतात. चार-पाच ओळींचे, पण त्यांच्यावर बाकीचा सगळा डोलारा उभा असतो. हे प्रोग्रॅम मधल्या संख्यांवर सहसा चुकत नाहीत. चुकतात ते दोन्ही टोकांना: सगळे ० असताना, सगळे १ असताना, किंवा रांग जितकी लांब तितकेच सरकवायचे असताना.

आपल्या शिक्षकांच्या भाषेत ‘काठावर पास’ असा शब्दप्रयोग आहेच. निकालपत्रक तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘३५ किंवा जास्त’ ऐवजी ‘३५ पेक्षा जास्त’ असे लिहिले गेले, तर ३४ वाल्याला फरक पडत नाही, ३६ वाल्यालाही नाही. वर्गातली बहुतेक मुले बरोबर पास-नापास होतात आणि तपासणाऱ्याला शंकाही येत नाही. ज्याला नेमके ३५ मिळाले, तो मात्र नापास होतो. त्या चुकीची सगळी किंमत एकटा तोच मोजतो. अशा संख्यांना या लेखापुरते आपण ‘काठावरच्या संख्या’ म्हणू.

पहिला काठ: शून्य

दारापर्यंत गेलेल्या मुलीकडे परत येऊ. सगळेच बसलेले असताना तिने काय उत्तर द्यायला हवे होते? वर्गाला विचारले, तेव्हा तीन मते निघाली. काहींनी ‘आठ’ सांगितले, काहींनी ‘शून्य’, तर काहींनी ‘उत्तरच नाही’. गंमत अशी, की तिन्ही बरोबर असू शकतात. प्रश्न नेमका कोणता, यावर ते ठरते.

‘उजवीकडून किती बसलेली मुले ओलांडली?’ असा प्रश्न असेल तर ‘आठ’ हे सरळ, नैसर्गिक उत्तर आहे. जावा या संगणकभाषेत ३२ बिटांच्या संख्येसाठी हे काम करणारी सोय आहे. ती शून्याला ३२ असे उत्तर देते. ‘उभा असलेला पहिला मुलगा कितव्या जागी?’ असा प्रश्न असेल, तर मात्र असा मुलगाच नाही. इथे एक युक्ती करता येते. जागांना रोल नंबरांसारखे १ पासून क्रमांक द्यायचे. मग ० हा क्रमांक कोणाचाच नसतो आणि ‘कोणी नाही’ या अर्थाने तो वापरता येतो. युनिक्स घराण्यातल्या संगणकांवर ‘एफएफएस’ नावाची जुनी सोय आहे, ती नेमके हेच करते. तिसरा मार्ग म्हणजे काम देतानाच बजावणे: ‘निदान एक जण उभा आहे याची खात्री करूनच मला बोलवा.’

तीनही मार्ग चालतात. न चालणारी गोष्ट एकच, ती म्हणजे काहीच न ठरवणे. इंटेल कंपनीच्या ८०३८६ या १९८५ सालच्या प्रोसेसरमध्ये हे काम एका फटक्यात करणारी ‘बीएसएफ’ नावाची आज्ञा आली (सीमेवरच्या जवानांशी तिचा संबंध नाही). कंपनीच्या पुस्तिकेत लिहिले होते, की दिलेली संख्या शून्य असेल तर उत्तराच्या जागी काय असेल ते ठरलेले नाही. पुढे ‘टीझेडसीएनटी’ ही सुधारित आज्ञा आली, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१३ साली. ती ३२ बिटांच्या शून्याला ३२ असे पक्के उत्तर देते. पण हा नवा प्रोग्रॅम जुन्या प्रोसेसरवर चालवला, तर तो प्रोसेसर नव्या आज्ञेला जुनीच आज्ञा समजतो. शून्य सोडून प्रत्येक संख्येला दोघींचे उत्तर सारखेच येते, म्हणून कोणाच्या काही लक्षात येत नाही. फरक पडतो तो फक्त शून्याला.

शून्याचा आणखी एक खोडसाळपणा पाहा. एखादी संख्या १, २, ४, ८, १६ या मालिकेतली आहे का, हे ओळखण्याची एक सुंदर रीत आहे. संख्या लिहा. तिच्याखाली तिच्यातून एक वजा केलेली संख्या लिहा. ज्या जागी दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवा, बाकी सगळीकडे ०. उत्तर पूर्ण शून्य आले तर संख्या मालिकेतली. १६ घेऊ:

०००१०००० (१६)
००००११११ (१५)
०००००००० (दोन्हीकडे १ कुठेच नाही)

म्हणून १६ मालिकेतली. २० घेतली तर ०००१०१०० आणि ०००१००११ यांत डावीकडून चौथ्या जागी दोन्हीकडे १ येतो, म्हणून ती नापास. आता ० घ्या. पहिली ओळच पूर्ण शून्य असल्याने दुसरीत काहीही असले तरी उत्तर शून्यच, आणि शून्य मालिकेत पास! पण २ ला २ ने कितीही वेळा गुणले वा भागले तरी शून्य मिळत नाही. म्हणून या रीतीला एक जोड द्यावी लागते: ‘आणि संख्या स्वतः शून्य नसावी.’

दुसरा काठ: रांगेइतके सरकणे

पुढचा खेळ सरकण्याचा. ‘एक जागा डावीकडे’ म्हटले की प्रत्येक १ शेजारच्या जागी जातो, डाव्या टोकाचा रांगेबाहेर पडतो आणि उजव्या टोकाला ० येतो. संख्या दुप्पट होते. आता काम असे: ‘उजवीकडची न मुले उभी करा.’ यासाठी नेहमीची रीत म्हणजे १ ही संख्या न जागा डावीकडे सरकवायची आणि उत्तरातून एक वजा करायचा. न = ३ असेल तर ०००००००१ चे ००००१००० होते, म्हणजे ८. त्यातून एक वजा केला की ७, म्हणजे ०००००१११. तीन मुले उभी.

न = ८ असेल तर? १ आठ जागा सरकला की रांगेबाहेर पडतो आणि उरते ०. त्यातून एक वजा करायचा, उसना घ्यायला डावीकडे कोणी नाही, तरीही घेतला असे मानून पुढे गेलो की ११११११११ मिळते. आठही मुले उभी. म्हणजे काठावरही रीत बरोबर चालली असे वाटते.

पण प्रत्यक्ष यंत्रे कशी सरकवतात? इंटेलचा १९७८ चा ८०८६ हा प्रोसेसर सांगाल तितक्या जागा सरकवत असे. सरकवण्याचा आकडा मोठा असला की वेळही खूप लागे. म्हणून १९८२ च्या ८०२८६ पासून पुढे असे ठरले, की सरकवण्याच्या आकड्याचे फक्त शेवटचे पाच बिट पाहायचे, म्हणजे ३१ पेक्षा जास्त सरकणे होणारच नाही. ३२ हा आकडा द्विमान पद्धतीत १००००० असा लिहितात. त्याचे शेवटचे पाच बिट ०००००. त्यामुळे ‘३२ जागा सरकव’ म्हटले की हा प्रोसेसर जागचा हलतही नाही.

आपल्या आठ मुलांच्या रांगेत हे करून दाखवता येते. सरकवणाऱ्या मुलाला सांगा, की आकड्याचे फक्त शेवटचे तीन बिट पाहायचे. ८ म्हणजे १०००, शेवटचे तीन ०००. तो काहीच सरकवत नाही. रांगेत १ तसाच राहतो, त्यातून एक वजा केला की ०. ‘आठही जणांना उभे करा’ म्हटले आणि आठही जण खाली बसले! हवे होते त्याच्या बरोबर उलटे.

याउलट एआरएम घराण्याचे ३२ बिटांचे प्रोसेसर ‘३२ जागा सरकव’ म्हटल्यावर शून्य देतात. म्हणजे एकच ओळ दोन यंत्रांवर दोन उत्तरे देते. सी या भाषेच्या नियमांनी तर हात वर केले आहेत: रांगेइतके किंवा त्याहून जास्त सरकवले, तर काय होईल याची हमी नाही.

एका मुलाने उपाय सुचवला: “आधी सगळ्यांना उभे करा, मग आठ वजा न इतक्या जागा उजवीकडे सरकवा.” उत्तम. न = ८ असेल तर शून्य जागा सरकायचे, सगळे उभेच. न = ३ असेल तर पाच जागा सरकायचे, तिघे उरतात. पण न = ० असेल तर? आठ जागा सरकायचे, आणि तो जुनाच घोटाळा परत आला. काठ नाहीसा झाला नाही, रांगेच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला. आपल्या कामात न कधीच ० नसेल तर ही रीत वापरावी. ० आणि ८ दोन्ही शक्य असतील, तर त्यांपैकी एकाला वेगळे काढून हाताळावेच लागते.

तिसरा काठ: जोडीदार नसलेली संख्या

ऋण संख्यांसाठी डाव्या टोकाच्या मुलाची किंमत १२८ ऐवजी उणे १२८ धरतात. मग आठ बिटांत उणे १२८ ते १२७ या संख्या मावतात. दोन्हीकडे सारख्या का नाहीत? एकूण रांगा २५६. त्यांतली एक शून्याची. उरल्या २५५, ही विषम संख्या. तिचे दोन सारखे भाग होत नाहीत. एका बाजूला एक संख्या जास्त येणारच, आणि ती आहे उणे १२८.

चिन्ह बदलण्याची रीत अशी: उभे असलेल्यांनी बसा, बसलेल्यांनी उभे राहा, मग एक मिळवा. उणे १२८ म्हणजे १०००००००. उलटले की ०१११११११, एक मिळवला की पुन्हा १०००००००. उणे १२८ चे चिन्ह बदलले तरी उत्तर उणे १२८! म्हणून ‘चिन्ह काढून टाका’ अशा प्रोग्रॅममधून ऋण संख्या बाहेर पडू शकते.

रांग किती लांब?

हे सगळे काठ रांगेची लांबी ठरलेली असल्यामुळे येतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्यात एक संख्या ४० बिटांची असे आणि स्मृतीत अशा २०४८ संख्या मावत. म्हणजे सगळी मिळून ८१,९२० बिट. पुढे ८, १६, ३२ आणि ६४ बिटांच्या रांगा रूढ झाल्या. रांग लांबली की काठ दूर जातो, पण असतोच.

लांब रांगेतली संख्या आखूड रांगेत कोंबताना काय होते, याचे जगाला महागात पडलेले उदाहरण ४ जून १९९६ चे. एरियान-५ या युरोपीय अग्निबाणाचे ते पहिलेच उड्डाण होते. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवायची होती. १६ बिटांत जास्तीत जास्त ३२,७६७ मावते. संख्या त्याहून मोठी झाली. दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली आणि उड्डाणाच्या पहिल्या मिनिटातच अग्निबाण नष्ट झाला. चौकशीत असे दिसले, की अशा सात संख्यांपैकी चारांना तपासणीचे संरक्षण दिलेले होते, तिघींना नव्हते. प्रोग्रॅमचा तो भाग जुन्या एरियान-४ वरून आणलेला होता. त्या अग्निबाणाचा मार्ग वेगळा असल्याने ही संख्या तिथे कधी काठापर्यंत पोचलीच नव्हती.

आणखी एक काठ पुढे आहे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. हा मोजणारा आकडा ३२ बिटांचा असेल, तर तो २,१४,७४,८३,६४७ वर भरतो. ती वेळ येईल १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. पुढच्याच सेकंदाला अशी यंत्रे डिसेंबर १९०१ दाखवू लागतील. नवे संगणक ६४ बिटांचा आकडा वापरतात, पण एकदा बसवल्यावर वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेली यंत्रे सगळीकडे असतात. आज आपल्या वर्गात असलेली मुले तेव्हा कामाला लागलेली असतील. ती दुरुस्ती कदाचित त्यांनाच करावी लागेल.

कापरेकरांचे शून्य

ठरलेली लांबी आणि अपवाद यांचे भान संगणकाशिवायही शिकवता येते. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ चा खेळ अनेकांना माहीत असेल. चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. शेवटी ६१७४ येते. मुलांना २१११ घेऊ द्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. इथे बरीच मुले ९९९ वजा ९९९ करतात, शून्य आणतात आणि ‘सर, नियम चुकला’ म्हणतात. पण रांग चार घरांची आहे, म्हणून ही संख्या ०९९९ अशी लिहायला हवी. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. पुढचे शून्य दिसायला निरुपयोगी, पण ते टाकले की सगळे कोसळते.

आणि ११११ घेतले तर? उत्तर ० येते, ६१७४ कधीच येत नाही. म्हणून नियम सांगतानाच ‘चारही अंक सारखे नसावेत’ असे सांगतात. त्यामुळे नियमाला कमीपणा येत नाही. तो कुठपर्यंत लागू आहे हे कळते, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो.

वर्गात करून पाहा

आठ बिटांच्या एकूण रांगा २५६ च आहेत. दोन तासिकांत वर्ग त्या सगळ्या तपासू शकतो. ३२ बिटांच्या रांगा ४२९ कोटींच्या वर होतात, पण आजचा संगणक त्याही एकूण एक तपासून टाकतो. ६४ बिटांचे मात्र तसे नाही. सेकंदाला शंभर कोटी रांगा तपासल्या तरी सुमारे ५८५ वर्षे लागतील. तिथे निवड करावी लागते आणि निवड करताना काठ आधी घ्यावे लागतात: ०, १, सर्वांत मोठी, तिच्या आधीची, सर्वांत ऋण; आणि सरकवायचे असेल तर ०, १, रांगेहून एक कमी, रांगेइतके.

मुलांना दोन गटांत विभागा. एका गटाने सूचना लिहायच्या, दुसऱ्याने त्या हुबेहूब पाळायच्या आणि त्या कुठे अडतात ते शोधायचे. सुरुवातीला हे प्रश्न द्या:

१. ‘रांगेत उभे किती?’ हे मोजण्याच्या सूचना लिहा. सगळे बसलेले असताना त्या थांबतात का?

२. ‘सर्वांत डावीकडचा उभा मुलगा कोण?’ याचे सगळे बसलेले असताना काय उत्तर ठरवाल? तेच का?

३. २०० आणि १०० यांची सरासरी आठ बिटांत काढा. आधी बेरीज केली तर ३०० मावत नाहीत. बेरीज न करता सरासरी कशी काढाल?

४. गैरहजर मुलाने एकही पेपर दिला नाही. त्याच्या गुणांची सरासरी किती लिहाल?

चौथा प्रश्न तर आपल्याच निकालपत्रकातला आहे. त्या दिवशी परळच्या वर्गात यावर बराच वाद झाला. ‘शून्य’ म्हणणारे निम्मे होते. शेवटी दारापर्यंत गेलेली तीच मुलगी म्हणाली, “शून्य लिहिलं तर त्याने पेपर दिला आणि त्याला काही आलं नाही, असं होईल. तो आलाच नव्हता, तर तसंच लिहा ना.” मग तिने फळ्यावरच्या आपल्या सूचनांखाली खडूने आणखी एक ओळ लिहिली: ‘आठवा मुलगा संपला की थांब आणि आठ सांग.’